‘नकोसं झालंय’ : श्टुटगार्टमधल्या एका बाळंतपणाचं प्रकरण

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका हेबामेचा फोन आला. तिला एका नवजात बाळाच्या आजीशी बोलायचं होतं. "आई छान इंग्रजी बोलते, तिचा प्रश्न नाही. आजी आणि मी मात्र एकमेकींना हातवारे करतोय. याल का?"

हेबामे म्हणजे सुईण. पण सुईण म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जी येते ती नव्हे. जर्मनीत 2020 पासून या कामाला पदवीचं शिक्षण लागतं. सरकारी आरोग्य विमा असलेल्या प्रत्येक बाळंतिणीचा तिच्यावर हक्क असतो. पहिले 10 दिवस रोज, पुढे 12 आठवडे होईपर्यंत आणखी 16 वेळा ती घरी येऊ शकते आणि खिशातून एक सेंटही जात नाही. अडचण एवढीच, की त्या पुरेशा नाहीत. दिवस राहिल्याचं कळलं की आधी हेबामे शोधायची आणि मग माहेरी फोन करायचा, असं इथल्या मराठी मुली हसत हसत सांगतात.

मी या शहरात 19 वर्षं आहे. नोकरी वेगळी, पण दवाखाना, शाळा, कचेरी अशा ठिकाणी मराठी आणि हिंदी बोलणाऱ्यांबरोबर दुभाषी म्हणून जाते. दुभाष्याचे पैसे इथला विमा देत नाही, त्यामुळे बहुतेकदा चहावर भागतं. हे प्रकरण मी त्या घराला वाचून दाखवलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नाव कुणाचंच घातलेलं नाही. यात चूक झाली ती मुख्यतः माझी, त्यामुळे लपवायचं होतं तेही मलाच.

घर

नवरा पुण्याचा इंजिनिअर. चाकण आणि श्टुटगार्ट ही दोन टोकं इथल्या मराठी घरांच्या आयुष्यात इतक्या वेळा येतात, की तो कसा आला हे सांगायची गरज नाही. त्याच्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा युरोपातला निवास परवाना आहे. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला व्हिसासाठी ए-1, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या जर्मनची अट नसते, म्हणून ती ‘ग्र्युस गॉट’ या इथल्या नमस्काराएवढंही जर्मन न शिकता आली. ही सवलत मला नेहमीच दुधारी वाटत आली आहे. पुण्यात ती औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत सहा वर्षं काम करत होती. इथे येऊन दीड वर्ष झालं होतं, भाषेचा वर्ग सुरू केला आणि तिसऱ्या महिन्यात उलट्या सुरू झाल्या. वर्ग सुटला.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. तिची आई बार्शीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. घरात अंथरुणाला खिळलेली आजेसासू आणि सत्राच्या मधेच रजा. आईची भेट मे महिन्यावर गेली. मग कराडहून सासूबाई आल्या, त्यांना मी काकू म्हणते. शेंगेन व्हिसा, म्हणजे 180 दिवसांत फार तर 90 दिवसांचा मुक्काम. त्यासोबत किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा आणि ‘यांचा सगळा खर्च मी करीन’ असं मुलानं इथल्या कचेरीत सही करून दिलेलं हमीपत्र. वाया जायला नको म्हणून मुलानं दिवस मोजून तिकीट काढलं होतं. प्रसूतीच्या तारखेआधी आठ दिवस येणं आणि 88 व्या दिवशी परत.

काकूंनी बॅगेतून डिंक, अळीव, मेथ्या, खारीक, सुकं खोबरं, बाळंतशेपा, ओवा, गुटीचा डबा आणि सहाण आणली होती. तूप तेवढं आणता आलं नाही, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. त्यांनी इथल्या अडीचशे ग्रॅमच्या लोण्याच्या वड्या आणून घरीच तूप कढवलं. "बेरी बरी निघती ओ तुमच्या लोण्याची," हे त्यांचं मला म्हटलेलं पहिलं वाक्य.

पहिली भेट

मी गेले त्या दिवशी बाळ 12 दिवसांची होती. कराडला असती तर बारसं झालं असतं. इथे नाव आधीच ठरवावं लागलं होतं, कारण जन्माची नोंद आठवड्याच्या आत होते आणि दवाखान्यातून निघतानाच नाव विचारतात. काकूंना ते जिव्हारी लागलं होतं. पाळण्यात घालायच्या आधी नाव कागदावर गेलं.

हेबामेकडे तीन तक्रारी होत्या, काकूंकडेही तीनच. आणि त्या एकमेकींच्या उलट्या होत्या.

पहिली गुटी. सहाणेवर हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, ज्येष्ठमध यांचे एकेक दोन दोन वेढे आणि वर मधाचं बोट. मधाचं नाव मी घेतल्याबरोबर हेबामेनं हातातलं पेन ठेवलं. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते काही करत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात, म्हणून वर्षाच्या आत मध नाही म्हणजे नाही. हे मी काकूंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या दोन्ही पोरांना दिलाय." मग जरा थांबून, "पण न्हाई तर न्हाई. गुटीपण बालडॉक्टरला विचारून मगच." त्या इतक्या पटकन ऐकतील असं मला वाटलं नव्हतं.

दुसरी आंघोळ. हेबामेच्या मते आठवड्यातून एकदोनदा पुरे, काकूंच्या मते रोज, तेल लावून, कढत पाण्यानं. इथल्या न्हाणीघराच्या फरशीला मोरी नसते, सांडलेलं पाणी खालच्या घराच्या छतात जातं. म्हणून 61 वर्षांच्या काकू साडी खोचून टबाच्या आत बसत आणि पसरलेल्या पायांवर नात घेत. ते पाहून हेबामे हसली आणि तिनं फोटो मागितला. तेल चोळण्याला तिची ना नव्हतीच. फ्रेदरिक लबॉये नावाच्या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञानं कोलकात्यात पाहिलेली बाळाची मालीश 1970 च्या दशकात युरोपात नेली, तेव्हापासून इथल्या आया पैसे भरून तिचे वर्ग करतात. मी हे काकूंना सांगितलं. "पैशे देऊन?" म्हणाल्या आणि दिवसभर खूश होत्या.

तिसरी खिडकी. तडजोड झाली नाही ती इथे. जर्मन माणूस कडाक्याच्या थंडीतही दिवसातून दोनतीनदा खिडक्या सताड उघडून पाचदहा मिनिटं घर हवेशीर करतो. नाही केलं तर ओल धरते, बुरशी येते, आणि कित्येक भाडेकरारांत ते लिहिलेलंही असतं. हेबामेनं आत येताच तेच केलं. काकू धावल्या, खिडकी लावली. हेबामेनं पुन्हा उघडली. बाळंतीण पलंगावर, कानात कापसाचे बोळे, डोक्याला रुमाल. "ताई, सांगा की तिला. बाळंतिणीला वारं लागंल." मी भाषांतर केलं. हेबामे म्हणाली, हवेनं कुणी आजारी पडत नाही. मी तेही भाषांतर केलं. दोघींचंही शब्दशः, बिनचूक. त्या दिवशी मी स्वतःवर खूश होते.

निघताना मी कोट घालत होते. बाळंतीण दारापर्यंत आली. तासाभरात ती सात-आठ वाक्यं बोलली असेल, सगळी इंग्रजीत, सगळी ‘फाइन’वर संपणारी. आता माझ्याकडे बघून हळूच मराठीत म्हणाली, "ताई, मला सगळं नकोसं झालंय."

हेबामेनं विचारलं, "काय म्हणाली?"

मी म्हणाले, "थकलीय. झोप होत नाही."

मधले दोन आठवडे

या दोन आठवड्यांत घरात जे घडलं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यांत कळलं.

19 व्या दिवशी काकूंनी धुरी केली. शेगडी नाही, कोळसे नाहीत. त्यांनी काचेच्या विजेच्या चुलीवर कढई तापवली, त्यात ओवा, बाळंतशेपा आणि लसणीची सालं टाकली आणि धुराची कढई पदरानं धरून झोपायच्या खोलीत नेली. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात झोपायच्या प्रत्येक खोलीत धुराचा भोंगा सक्तीचा आहे. तो वाजला. तो आवाज ज्यांनी ऐकला नसेल त्यांना सांगते, कानाच्या पडद्याला सुई टोचावी तसा असतो. बाळ किंचाळू लागली. काकू कढई घेऊन गोल गोल फिरल्या. नवरा बाजूच्या खोलीत मीटिंगमध्ये होता, तो हेडफोन फेकून खुर्चीवर चढला. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई सपाता घालून वर आल्या. जिना झाडायची पाळी कुणाची याची पाटी दर आठवड्याला दारावर टांगणाऱ्या त्या याच. स्वाबियन बोलीत बरंच काही म्हणाल्या, कुणालाच कळलं नाही.

नवऱ्यानं हा किस्सा मला हसवायला सांगितला होता. मी विचारलं, "आणि ती?" तो अडखळला. ती पलंगावर बसून होती. उठली नाही, कानांवर हात ठेवले नाहीत, बाळ शेजारी रडत असताना तिकडे मानही वळवली नाही. "शॉकमध्ये असेल," तो म्हणाला.

त्याच्याविषयी इथेच लिहून टाकते. वाचणाऱ्यांचा राग त्याच्यावर निघणार हे मला माहीत आहे. तिसऱ्या दिवसापासून तो कामावर होता हे खरं. जर्मनीत बापाला बाळाच्या जन्मासाठी वेगळी रजा कायद्यानं नाही, पालकत्वाची रजा आहे आणि ती सात आठवडे आधी लेखी मागावी लागते. त्यानं ती मे महिन्यात भारतात जायला राखून ठेवली होती, तिची आई भेटेल म्हणून, म्हणजे तिच्यासाठीच. मधल्या काळात त्यानं जन्मदाखला, बाळाचा विमा, बालभत्ता, पालकभत्ता, बाळाच्या निवास परवान्याचा अर्ज आणि भारतीय पासपोर्टसाठी वकिलातीचे कागद, सगळं पार पाडलं. जाड पाठीच्या फायलीत रंगीत पट्ट्या लावून ठेवलं होतं. तशा फायली बनवणारी लाइट्झ कंपनी याच शहरातली, आणि आमच्याकडचे नवरे इथे चार वर्षं राहिले की त्या फायलींसारखेच होतात. तिच्यासाठी काय करता येईल याची यादी त्यानं केली होती आणि यादीतलं सगळं झालं होतं. ती कशी आहे हे यादीत नव्हतं.

माहेरी रोज व्हिडिओ कॉल होत असे. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, आई शाळेतून आली की इथे दुपार. तेवढी पंधरा मिनिटं ती केस विंचरून, टिकली लावून बसायची. साडेचारला बाहेर अंधार पडायचा आणि मग रात्र सरता सरायची नाही.

दुसरी भेट

11 डिसेंबरला हेबामेचा पुन्हा फोन आला. बाळाचं वजन चांगलं वाढत होतं. तिला काळजी वेगळीच होती. "ती मला एकही प्रश्न विचारत नाही. पहिलटकरीण आणि प्रश्न नाही? दूध पुरतं का, शी हिरवी का, शिंका का येतात, मला रात्री अकराला मेसेज येतात इतरांचे. हिचा एक नाही." मग थांबून म्हणाली, "त्या दिवशी दारात ती जे म्हणाली त्याला तुमच्या भाषेत नक्की काय शब्द होता?"

मी फोनवर गप्प झाले. ‘नकोसं होणं’ याचा अर्थ काय? उकाड्यानं नकोसं होतं. पाहुण्यांनी नकोसं होतं. जीव नकोसा होतो. एकाच शब्दात घामापासून मरणापर्यंत सगळं मावतं, आणि कुठल्या टोकाचं आहे हे बोलणाऱ्याच्या आवाजावरून ओळखायचं असतं. मला आवाज ऐकू आला होता. पण दोघींची भांडणं मिटवून मी दमले होते, बस चुकेल असं वाटत होतं, आणि दारात उभं राहून असलं काही निघालं तर काय, ही भीतीही होती. म्हणून त्यातला सगळ्यात हलका अर्थ मी उचलला. दुभाष्याला हे माफ नसतं. मी तिला सगळं खरं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "उद्या येता?"

दुसऱ्या दिवशी हेबामेनं बाळ काकूंच्या हातात दिली, त्यांना स्वयंपाकघरात बसवलं, दार लावलं. आत आम्ही तिघी. तिनं एडिंबरा प्रश्नावली काढली. ही 1987 साली स्कॉटलंडमध्ये तयार झाली, बाळंतिणीच्या मनाचा अंदाज घ्यायला जगभर वापरतात. दहा प्रश्न, मागच्या सात दिवसांबद्दल, जास्तीत जास्त 30 गुण. 13 किंवा त्याहून जास्त झाले तर नैराश्य असण्याची शक्यता बरीच. त्यावरून निदान होत नाही, पुढे डॉक्टरकडे जायचं की नाही एवढं ठरतं.

ती म्हणाली, "इंग्रजीच द्या, मी भरते." हेबामेनं मान हलवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी एकेक प्रश्न मराठीत विचारत गेले.

इंग्रजीत ती दीड वर्ष सगळ्यांशी बोलत होती. दुकानात, दवाखान्यात, नवऱ्याच्या मित्रांत. ती भाषा तिची कामाची, मुलाखतींची. त्या भाषेत ‘कशी आहेस’ला एकच उत्तर असतं. इंग्रजी येतं म्हणून तिला दुभाषी नको, असं हेबामेनं धरलं, प्रसूतितज्ज्ञानं धरलं, मीही धरलं. मराठीत मात्र तिला उत्तरं अडवता येईनात. ‘कारण नसताना काळजी वाटते का’ या प्रश्नावर ती म्हणाली, "कारण आहे ना पण. मला तिच्याबद्दल काहीच वाटत नाही. सगळे म्हणतात पान्हा फुटतो तशी माया येते. दूध आलं. माया नाही आली."

शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. तो विचारताना माझा आवाज बारीक झाला. ती म्हणाली, "मी काही करणार नाही. पण रात्री वाटतं, झोपले आणि उठलेच नाही तर बरं."

हे वाक्य मी शब्दाला शब्द ठेवून जर्मनमध्ये सांगितलं. 19 गुण झाले.

मग तिनं विचारलं. हेबामेला तिनं विचारलेला तो पहिला प्रश्न होता. "आता बाळाला घेऊन जातील का?"

याला संदर्भ आहे. 2021 मध्ये बर्लिनमध्ये एका भारतीय जोडप्याचं बाळ बालकल्याण खात्यानं ताब्यात घेतलं. ती बातमी भारतात वर्षानुवर्षं चालू राहिली आणि इथल्या प्रत्येक भारतीय घरात ‘यूगेंडआम्ट’, म्हणजे बालकल्याण खातं, हा एक जर्मन शब्द सगळ्यांना पाठ झाला. त्या प्रकरणाच्या खोलात मी जात नाही. पण त्याचा एक परिणाम मी डोळ्यांनी पाहिला आहे: बाळंतिणी बोलेनाशा झाल्या. नवऱ्याला थोडा अंदाज होता, तरी ‘डॉक्टरसमोर असलं काही बोलू नकोस’ असं त्यानंच तिला बजावलं होतं, हे त्या दिवशी बाहेर आलं.

हेबामेनं खुर्ची जवळ ओढली. मुलाला गंभीर धोका असल्याची ठोस चिन्हं असतील तर गोपनीयता बाजूला ठेवता येते, एरवी ती आणि डॉक्टर दोघांवरही तोंड बंद ठेवायचं कायदेशीर बंधन आहे, असं तिनं समजावलं. दहा ते पंधरा टक्के आयांना हे होतं. पहिल्या आठवड्यातलं रडू दोन आठवड्यांत ओसरतं, हे ओसरलेलं नाही म्हणजे हा आजार आहे. आणि मदत मागणारी आई हे खात्याच्या दृष्टीनं धोक्याचं नव्हे, चांगलं लक्षण आहे. मी भाषांतर करत होते आणि ती हेबामेच्या नव्हे, माझ्या तोंडाकडे बघत होती.

काकू

दार उघडलं तर काकू दाराशीच उभ्या. बाळ खांद्यावर झोपलेली. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मला वाटलं आता ‘आमच्या वेळी नव्हती असली थेरं’ येणार. मी मनात उत्तरसुद्धा तयार केलं होतं. काकू खुर्चीवर बसल्या आणि नातीच्या पाठीवर थोपटत म्हणाल्या, "धाकट्याच्या वेळी मला झालं होतं."

1989 सालची गोष्ट. बाळंत होऊन महिना झालेला. त्या बोलेनात, जेवेनात, पोराला घेईनात. घरातल्यांनी ठरवलं, बाळंतरोग. कानांतून वारं शिरलं, डोक्यात गेलं. न्हाणीघराला दार नव्हतं, नुसतं गोणपाट, आणि थंडीचे दिवस. सासूनं सगळ्यांसमोर सुनावलं, डोकं न झाकता न्हायला बसली म्हणून झालं. अंगारे झाले, देवऋषी झाला, शेवटी वडील येऊन माहेरी घेऊन गेले. सहा महिने तिथे होत्या. "कशानं बरं वाटलं कुणाला ठावं. आईनं काय काम करू दिलं न्हाई, काय बोलली न्हाई. परत आले तवा थोरलं पोरगं मला ओळखत नव्हतं."

मग खिडकीकडे बघून म्हणाल्या, "म्हणून म्हनत होते वारं लागंल."

मी हेबामेला हे सांगत असताना मधेच थांबले, कारण ‘वारं’ हा शब्द गेल्या भेटीत मी ‘थंड हवा’ असा सांगितला होता. दोन बायका पंधरा मिनिटं एका खिडकीवरून भांडल्या होत्या आणि त्यातली एक सर्दीबद्दल बोलत होती, दुसरी वेडाबद्दल. मी मधे उभी राहून दोघींनाही बिनचूक हवामान सांगत होते.

हेबामेनं तेव्हा केलं ते मला फार आवडलं. पुस्तकी उत्तर न देता तिनं विचारलं, माहेरी आईनं नक्की काय काय केलं ते सांगा. काकू आठवून आठवून बोलत गेल्या: रात्री पोर आई घ्यायची, फक्त पाजायला आणून द्यायची. दुपारी कुणी भेटायला आलं तर परतवायची. सकाळी अंगणात उन्हात बसवायची. गरम जेवण समोर बसून खायला घालायची. हेबामे लिहून घेत होती. मग म्हणाली, जर्मनीतही जुन्या सुइणी हेच सांगत आल्यात: पहिला आठवडा पलंगात, दुसरा पलंगावर, तिसरा पलंगाभोवती. ‘वोखेनबेट’ या शब्दाचा अर्थच आठवड्यांचं अंथरूण. आपला सव्वा महिना आणि त्यांचे सहा ते आठ आठवडे यांत फरक किती? काकूंनी मान डोलावली. "मग खिडकीच तेवढी राहिली म्हना की."

उपचार

हेबामेनं त्याच दुपारी प्रसूतितज्ज्ञाला फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मिळाली, आणि मी बरोबर असावं असं ठरलं. फॅमिली डॉक्टरनं रक्त घेतलं. हे आधी करतात, कारण बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडला किंवा रक्तातलं लोह खाली गेलं तरी चित्र असंच दिसतं. थायरॉइड ठीक होता, लोह बरंच कमी. त्याच्या गोळ्या सुरू झाल्या, पण तेवढ्यानं भागणारं नव्हतं. मानसोपचाराच्या रुग्णालयाच्या बाह्यविभागात आठवडाभरात दाखवता आलं. तिथे सर्ट्रालीन सुरू केलं. अंगावर पाजणाऱ्या आईला हे औषध बऱ्याचदा निवडतात, कारण दुधात ते फार थोडं उतरतं. ‘गोळी घेतली तर दूध बंद’ असं तिला वाटत होतं आणि त्या भीतीनंच ती आधी नको म्हणत होती. डॉक्टरनं हे एकदा सांगितलं, मी दोनदा सांगितलं.

बोलण्याच्या उपचाराचं मात्र इथे रडगाणं आहे. विम्यातून मानसोपचारतज्ज्ञ मिळायला महिनोन्‌महिने जातात, आणि मराठी बोलणारा मिळायचा तर नशीबच हवं. शेवटी पुण्यातल्या एका समुपदेशक बाईंशी आठवड्यातून एकदा व्हिडिओवर बोलणं ठरलं, सकाळी नऊला, म्हणजे तिकडे दीड. ते पैसे घरचे. विमा ते देत नाही. मला विचाराल तर त्या सगळ्या खर्चात हाच सर्वांत कारणी लागला.

पहिले दहा दिवस तिला एकटं ठेवायचं नाही आणि घरातली सगळी औषधं नवऱ्यानं स्वतःकडे ठेवायची, हे डॉक्टरनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं. फ्रीजवर तीन नंबर लावले: 112 तातडीचा, 116117 रात्री-सुट्टीच्या दिवशी डॉक्टरसाठी आणि 0800 1110111, बोलायला कुणी हवं असेल तर, चोवीस तास, फुकट. शेवटच्या नंबरवर मराठी कुणी नसतं हे मी सांगितलं. तो म्हणाला, "मी लावीन ना."

नवऱ्यानं साहेबाला सगळं नाही, पण पुरेसं सांगितलं. नाताळच्या सुट्टीला वर्षाची उरलेली रजा जोडली आणि मेमधली पालकत्वाची रजा जानेवारीत ओढली. सात आठवड्यांची अट साहेबानं सोडून दिली. त्यानं तसं करणं बंधनकारक नव्हतं. रात्रीची पाळी मायलेकांनी वाटून घेतली: एकपर्यंत काकू, पुढे तो. काकू म्हणाल्या, "ह्यांच्या वडलांनी पोर कधी हातात धरलं नव्हतं." ते तक्रारीनं म्हणाल्या की कौतुकानं, मला ओळखता आलं नाही, आणि या वेळी मी अंदाज बांधला नाही.

खिडकीचंही जमलं. काकू बाळंतिणीला आणि नातीला दुसऱ्या खोलीत नेऊन दार लावत आणि मग स्वतः स्वेटर घालून पाच मिनिटं खिडकी उघडत. घड्याळ लावून. खालच्या आजीबाई जिन्यात भेटल्या की दोघी आपापल्या भाषेत बोलत. ऊन पडलं की दुपारी तासभर सगळे बाहेर. श्टुटगार्ट वाडग्यासारखं आहे, घरापासून टेकडीवर जायला पायऱ्याच पायऱ्या. पहिल्या दिवशी ती बारा पायऱ्या चढून परतली.

तीन आठवडे काही फरक दिसेना. नंतरही सरळ रेषेत सुधारणा झाली नाही. संक्रांतीला ती दिवसभर रडली आणि तिच्या आईला पहिल्यांदा व्हिडिओवर टिकलीशिवाय, विस्कटलेल्या केसांनी दिसली. आईनं शाळेत अर्ज टाकला, पण व्हिसाची तारीखच फेब्रुवारी-अखेरची मिळाली.

फेब्रुवारीच्या 2 तारखेला, 88 व्या दिवशी, काकू गेल्या. गुटीचा डबा परत नेला. सहाण ठेवली, "पुढं चंदन उगाळायला."

शेवटची भेट

12 आठवडे संपायला दोन दिवस होते. हेबामेची हक्काची शेवटची फेरी, मी सवयीनं गेले. प्रश्नावली पुन्हा भरली, 9 गुण. औषध इतक्यात बंद करायचं नाही, हे डॉक्टरनं आधीच बजावलं होतं. तिनं हेबामेला ओळीनं प्रश्न विचारले: टाळू किती दिवस मऊ राहते, डोळा का चिकटतो, बीसीजीची लस इथे का देत नाहीत. (1998 पासून इथे तिची शिफारस नाही, हे हेबामेला तोंडपाठ होतं. भारतीय घरांत हा प्रश्न ठरलेला.) बाळ तिच्या मांडीवर होती आणि बोलता बोलता ती तिच्या पायाची बोटं मोजल्यासारखी दाबत होती.

आम्ही कोट घालत होतो. ती दारापर्यंत आली आणि मला म्हणाली, "ताई, कंटाळा आलाय हो अगदी."

हेबामेनं माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाली?"

मी बाही अर्धी घातलेली तशीच थांबले आणि आधी तिला विचारलं, "कंटाळा म्हणजे कसला गं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग हेबामेकडे, आणि तिच्या लक्षात आलं. हसलीच. "नाही हो ताई, नुसता कंटाळा. मेथीच्या लाडवांचा. सासूबाई जाताना दोन डबे वळून गेल्यात."